दत्तक घेतलेल्या कुत्रीची मायक्रोचिप अजून जुन्या पालकांच्या नावावर आहे. नोंद बदलणे कितपत गरजेचे?

प्रश्न: नवी पालक

नमस्कार. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला घर बदलताना त्यांची वयात आलेली कुत्री सोबत नेणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही तिला सांभाळायला घेतले आणि आता ती कायमची आमच्याकडेच राहणार हे दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे. ती चांगली रुळली आहे, प्रकृती उत्तम आहे, आणि तिचे लसीकरणाचे पुस्तकही आमच्या हाती आले आहे. तिच्या मायक्रोचिपची नोंद मात्र अजून त्या कुटुंबाच्या नावावर, त्यांच्या जुन्या पत्त्यावर आणि जुन्याच दूरध्वनी क्रमांकावर आहे.

घरात यावर दोन मते आहेत. एक मत असे की गळपट्ट्याच्या बिल्ल्यावर आमचा क्रमांक कोरलेला आहे, ते कुटुंब आम्हाला चांगले ओळखते, आणि उद्या ती हरवलीच व कोणी त्यांना कळवले तर ते आम्हाला लगेच सांगतील. मग अर्ज, शुल्क आणि संमतीपत्रांच्या मागे कशाला लागायचे? दुसरे मत, जे माझे आहे, असे की कागदावर ती अजून आमची नाहीच. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी सांगावे की ही नोंद जुनी राहिल्याने नेमके काय बिघडते. शिवाय चिपवरचे नाव हा मालकीचा पुरावा मानला जातो का, हेही समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १: निवाऱ्यातील कार्यकर्ती

मी हरवलेल्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात दाखल-नोंदीचे काम पाहते, तेव्हा माझे उत्तर टेबलाच्या या बाजूचे आहे असे समजावे.

कुत्रा आत आला की पहिले काम स्कॅनर फिरवण्याचे. चिप साधारणपणे दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेली असते, परंतु कालांतराने ती सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायाच्या वरच्या भागात उतरलेलीही सापडते, म्हणून मान, पाठ, दोन्ही कुशी आणि छाती असे सगळे अंग सावकाश तपासावे लागते. गळपट्ट्याला धातू असेल तर तो आधी उतरवतो. बारीकसा आवाज होऊन पडद्यावर पंधरा आकडे उमटले की खोलीतल्या सगळ्यांना हायसे वाटते. ते हायसे वाटणे कितपत रास्त होते, हे मात्र पुढच्या फोनवर ठरते.

कारण त्या आकड्यांत नाव, गाव काहीच नसते. पहिल्या तीन आकड्यांवरून देश किंवा चिप बनवणारी कंपनी कळते, त्यावरून नोंद कोणत्या नोंदणीसंस्थेकडे असावी याचा माग काढायचा, त्या संस्थेशी संपर्क साधायचा आणि मग नोंदलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचायचे, असा हा क्रम आहे. यातले पहिले टप्पे बहुतेक वेळा बिनबोभाट पार पडतात आणि गाडी अडते ती शेवटी. क्रमांक बंद असतो. किंवा दूरध्वनी कंपनीने तो क्रमांक मधल्या काळात दुसऱ्याच ग्राहकाला दिलेला असतो. अशाच एका क्रमांकावर मला एका गृहस्थांनी अत्यंत शांतपणे सांगितले होते की या कुत्र्यासाठी आलेला हा पहिला फोन नाही, परंतु नोंदीत नाव असलेल्या बाईंना ते ओळखत नाहीत आणि स्वतः त्यांच्याकडे कधी कुत्रा नव्हता. समोर तो कुत्रा शेपटी हलवत उभा, अंगावर खरारा केल्याच्या खुणा, नखे नीट कापलेली. म्हणजे कोणीतरी त्याची मनापासून काळजी घेत होते, आणि त्या कोणाचे तरी नाव कुठेच लिहिलेले नव्हते.

आता एक मत मांडते, जे पुष्कळांना पटत नाही. चिपच नसलेल्या कुत्र्यापेक्षा जुनी नोंद असलेला कुत्रा निवाऱ्यासाठी अधिक अडचणीचा असतो. चिप नसेल तर कायद्याने ठरवून दिलेली मुदत संपेपर्यंत वाट पाहायची आणि मग त्याच्या पुनर्वसनाचा निर्णय घ्यायचा, एवढे सरळ असते. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासनाने ताब्यात घेतलेल्या बेवारस कुत्र्यासाठी ही मुदत सात दिवसांची आहे, इतरत्र ती कमी-अधिक असते. जुनी नोंद असेल तर मात्र कागदावर कोणाचा तरी हक्क दिसत असतो. त्या व्यक्तीला फोन, मग ईमेल, मग पत्र, पत्राच्या उत्तराची वाट, आणि तोवर त्या कुत्र्याची नसबंदी करता येत नाही, त्याला नवे घर दाखवता येत नाही, आणि त्याचा पिंजरा अडकून राहिल्याने दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या कुत्र्याला नाही म्हणावे लागते. निवाऱ्यातला प्रत्येक जादा दिवस कुत्र्याच्या वागण्यावर दिसतो. आवाजाने, कोंडून राहण्याने चांगला माणसाळलेला कुत्राही भुंकायला, गोल गोल फिरायला किंवा अन्न नाकारायला लागतो, आणि मग भेटीला आलेल्या कुटुंबाला तो ‘अवघड’ वाटतो.

आकडेवारी हवी असल्यास, अमेरिकेतील २३ राज्यांतल्या ५३ निवाऱ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात चिप असलेल्या हरवलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ५२ टक्के आपल्या घरी परतले, तर हरवलेल्या सगळ्या कुत्र्यांचे घरी परतण्याचे एकंदर प्रमाण सुमारे २२ टक्के होते. चिप बसवणारे पालक मुळातच अधिक दक्ष असतात, त्यामुळे या फरकाचे सगळे श्रेय चिपला देता येणार नाही, हे मान्य. परंतु त्याच अभ्यासातला दुसरा भाग आपल्या प्रश्नाशी अधिक जवळचा आहे: चिप असूनही ज्यांचे पालक सापडले नाहीत, त्यांच्यातले सर्वांत मोठे कारण, साधारण ३५ टक्के प्रकरणांत, चुकीचा किंवा बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक हे होते.

आपल्या घरातल्या पहिल्या मताबद्दल. बिल्ला जरूर असू द्या, सर्वांत लवकर उपयोगी पडतो तो तोच. परंतु गळपट्टा निसटतो, तुटतो, आणि चोराने सर्वांत आधी काढून फेकायची वस्तूही तीच असते. राहिला प्रश्न परिचित कुटुंबाने आपल्याला कळवण्याचा. समजा आम्ही त्यांना गाठले आणि ते म्हणाले, ‘ती आता आमची नाही, आम्ही ती देऊन टाकली.’ आमच्या दृष्टीने नोंदीतल्या व्यक्तीने हक्क सोडला. त्यांनी त्याच वेळी आपले नाव आणि क्रमांक सांगितला तर उत्तम. फोन त्यांच्या घरातल्या दुसऱ्याच कोणी उचलला आणि विषय तिथेच संपला, तर आपल्या कुत्रीचे पुढे काय करायचे याचा निर्णय आपल्याला न विचारता झालेला असेल, आणि तो नियमाला धरूनच झालेला असेल.

प्रतिसाद २: पशुवैद्य

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. वैद्यकीय बाजू तेवढी जोडतो, कारण हरवलेल्या कुत्र्याच्या चर्चेत ती नेहमी मागे पडते.

आधी एक गैरसमज दूर करतो. मायक्रोचिप कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या काचेच्या नळीचे काम तिथेच संपते. त्यामुळे ‘चिप बसवली आहे’ या वाक्याला, नोंद चालू नसेल तर, व्यवहारात काहीही अर्थ उरत नाही, आणि माझ्याकडे येणारे पुष्कळ पालक हे एकच वाक्य बोलून निर्धास्त झालेले असतात. वार्षिक लसीकरणाला आलेल्या प्रत्येक कुत्र्याची चिप वाचून ‘हाच क्रमांक आणि हाच फोन ना?’ असे विचारण्याची पद्धत सर्व दवाखान्यांनी ठेवावी असे मला वाटते. त्याला एक मिनिटही लागत नाही, आणि चिप वाचता येत नसेल किंवा सरकली असेल तर तेही तेव्हाच कळते.

आता औषधांचे. फेफऱ्यासाठी रोज फिनोबार्बिटोन घेणारा कुत्रा हरवून निवाऱ्यात आला आणि त्याच्या पालकाशी संपर्क झाला नाही, तर त्याचे औषध अचानक बंद होते. या औषधाच्या बाबतीत अचानक बंद होणे हेच तीव्र झटक्यांना निमंत्रण ठरू शकते. मधुमेही कुत्र्याच्या इन्सुलिनचेही तसेच. तपासणी करणाऱ्या डॉक्टरला बाहेरून दिसतो तो एक सुस्त, घाबरलेला कुत्रा. नोंदीतला फोन लागला असता तर दोन वाक्यांत सगळे कळले असते.

रेबीजच्या बाबतीत तर नोंदीचे मोल आणखी वाढते. कुत्रा कोणाला चावला आणि तो निरोगी दिसत असेल, तर त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत आहे. लसीकरण झाल्याचे दाखवता आले आणि जबाबदार पालक समोर असेल, तर अनेक ठिकाणी हे निरीक्षण घरच्या घरी होऊ शकते. पालकच सापडत नसेल तर तोच कुत्रा लस न घेतलेला असे धरूनच पुढे जावे लागते, आणि त्याच्या वाट्याला येणारी वागणूक पुष्कळ कठोर असते. लसीचा दाखला आणि चिपचा क्रमांक यांची सांगड किती गांभीर्याने घेतली जाते याचे एक उदाहरण म्हणजे युरोपीय संघाचा प्रवासनियम: चिप बसवण्याच्या आधी दिलेली रेबीजची लस तिथे ग्राह्य धरत नाहीत, कारण ती नेमक्या याच प्राण्याला दिली होती हे सिद्ध करता येत नाही. प्रश्नकर्त्या ताईंनी लसीकरणाच्या पुस्तकातील चिप क्रमांक आणि प्रत्यक्ष स्कॅनरवर येणारा क्रमांक एकच आहे ना, हे एकदा दवाखान्यात जाऊन पडताळून घ्यावे. लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे झालेला मी पाहिला आहे.

दत्तक देणाऱ्या संस्थांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. नोंदीत पालकाखेरीज दुसरा संपर्क देण्याची सोय अनेक ठिकाणी असते, आणि जबाबदार संस्था तिथे आपले नाव ठेवतात, जेणेकरून पुढे कधी कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर तो संस्थेकडे परत यावा. ब्रिटनमध्ये २०१७ साली टक नावाच्या एका तरुण कुत्र्याला दवाखान्यात कायमचे झोपवण्यात आले. त्याच्या चिपच्या नोंदीत पुनर्वसन संस्थेचे नाव होते, परंतु ती नोंद कोणी पाहिली नाही. त्यावरून मोठी मोहीम उभी राहिली, आणि २०२१ साली तिथल्या पशुवैद्यांच्या नियामक संस्थेने आपल्या मार्गदर्शक नियमांत बदल केला: कुत्र्याच्या आरोग्यासाठी आवश्यक नसताना त्याला दयामरण देण्याची मागणी आली, तर आधी चिप तपासून पाहावी. या नियमाचा उपयोग अर्थातच तेव्हाच, जेव्हा त्या दुसऱ्या संपर्काचा फोन लागतो.

प्रतिसाद ३: एक शंकेखोर वाचक

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरीही सगळा भार पालकांच्या आळसावर टाकला जात आहे असे वाटल्याने थोडी दुसरी बाजू मांडतो.

नोंद बदलण्याची व्यवस्थाच अनेक ठिकाणी सुटसुटीत नाही. काही देशांत एकच राष्ट्रीय नोंदवही आहे, तर काही ठिकाणी अनेक खासगी नोंदणीसंस्था शेजारी शेजारी चालतात आणि एकीची माहिती दुसरीला नसते. पालक एका ठिकाणी नवा पत्ता देतो आणि निवारा दुसरीकडे विचारतो. अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीला चिपची नोंदणी ठेवणारी एक कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडली, आणि ज्यांच्या कुत्र्यांची नोंद तिच्याकडे होती त्यांच्यावर दुसरीकडे नव्याने नोंदणी करण्याची वेळ आली. तेव्हा नोंद अद्ययावत ठेवायची यात आपली माहिती बदलली आहे का हे पाहणे जसे येते, तसे ती माहिती ठेवणारी संस्था अजून जागेवर आहे का हे पाहणेही येते.

दुसरे, मालकीविषयी. चिपच्या नोंदीतले नाव हे सहसा कुत्र्याचा सांभाळ करणाऱ्याचे असते, आणि ब्रिटनच्या नियमांतही ‘मालक’ आणि ‘सांभाळ करणारा’ यांत फरक केलेला आहे. वाद न्यायालयात गेला तर दत्तकपत्र, खरेदीची पावती, दवाखान्याची बिले, परवाना, प्रत्यक्ष कुत्रा कोणाकडे राहत होता याचे पुरावे हे सगळे एकत्र पाहिले जाते. चिपची नोंद हा त्यातला एक पुरावा आहे, निर्णायक नव्हे. म्हणून नुसती नोंद बदलून थांबू नये. त्या कुटुंबाकडून कुत्रीचे वर्णन, चिप क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेले साधे हस्तांतरणपत्र लिहून घ्यावे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. घरातल्या हिंसाचारातून बाहेर पडणारी व्यक्ती कुत्रा सोबत घेऊन निघते आणि चिप राहते ती मागे राहिलेल्या जोडीदाराच्या नावावर. कुत्रा हरवला तर फोन त्यालाच जाणार. नोंद बदलायला गेले तर संमतीची सूचनाही त्यालाच जाणार, आणि त्यातून ठावठिकाणा उघड होण्याची भीती. अशा व्यक्तीने घाईने ऑनलाइन अर्ज न करता आधी नोंदणीसंस्थेशी बोलून आपला नवा पत्ता जुन्या नोंदधारकाला कळणार नाही याची खात्री करून घ्यावी, आणि मदत करणाऱ्या संस्थेमार्फत कागदपत्रे पुढे न्यावीत. ‘नोंद ताबडतोब बदला’ हा सल्ला सर्वांना सरसकट लागू पडत नाही, एवढेच माझे म्हणणे.

प्रतिसाद ४: निवाऱ्यातील कार्यकर्ती

शंकेखोर यांचा तिसरा मुद्दा अगदी योग्य आहे आणि आम्हीही तशा प्रकरणांत फोन लावण्याआधी थांबतो, अर्थात आम्हाला तशी कल्पना असेल तरच.

संमतीच्या सूचनेविषयी मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे. लोकांना ती कटकट वाटते, परंतु चोरीच्या कुत्र्याची नोंद परस्पर बदलण्यापासून वाचवणारी तीच एक पायरी आहे. कोणी दुसऱ्याच्या कुत्र्याची नोंद स्वतःच्या नावावर करायला निघाले, तर नोंदणीसंस्था आधीच्या नोंदधारकाला कळवते आणि ठराविक काळ हरकतीची वाट पाहते. ही सूचना बंद पडलेल्या ईमेलवर गेली तर हरकत येत नाही, आणि बदल बिनविरोध मंजूर होतो. म्हणजे जुना क्रमांक कुत्रा हरवल्यावरच नडतो असे नाही. कुत्रा दुसऱ्याच्या हाती असतानाही तो आपल्याविरुद्ध काम करतो.

दत्तक देणाऱ्या संस्थांनाही चार शब्द सुनवले पाहिजेत. कुत्रा ज्या दिवशी नव्या घरी जातो त्याच दिवशी, कुटुंब अजून कार्यालयात बसलेले असतानाच, नोंद त्यांच्या नावावर करून त्यांच्या फोनवर खात्रीचा संदेश आला हे पाहिले पाहिजे. ‘घरी गेल्यावर करून घ्या’ असे सांगून पाठवलेल्या फॉर्मचे काय होते हे आपण सगळे जाणतो. नव्या घरातले सुरुवातीचे दिवस हे कुत्रा पळून जाण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, कारण त्याला तो परिसर परका असतो आणि दार उघडे दिसले की तो ओळखीच्या जागेच्या शोधात निघतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत नोंद अधांतरी लोंबकळत असते. तात्पुरत्या पालकाकडे ठेवलेल्या कुत्र्यासाठी नोंद संस्थेच्या नावावरच असावी, आणि बिल्ल्यावर मात्र त्या तात्पुरत्या पालकाचा क्रमांक असावा, असे आम्ही करतो.

प्रतिसाद ५: नवी पालक

सर्वांचे आभार. घरातले पहिले मत आता मागे पडले आहे. दोन शंका उरतात. त्या कुटुंबाची इच्छा आहे की दुसरा संपर्क म्हणून त्यांचे नाव राहू द्यावे. तसे करावे का? आणि माझ्या सासूबाईंचा प्रश्न असा की घरातल्या एकाच व्यक्तीचे नाव नोंदीत असेल आणि उद्या तिचेच काही बरेवाईट झाले, तर?

प्रतिसाद ६: निवाऱ्यातील कार्यकर्ती

सासूबाईंनी विचारलेला प्रश्न आमच्याकडे वारंवार समोर येतो. एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्तीचे निधन होते किंवा त्यांना रुग्णालयात हलवतात, शेजारी कुत्रा आमच्याकडे आणून देतात, आणि नोंदीतला एकमेव क्रमांक त्या बंद घरातला असतो. नातेवाईक पुढे कधीतरी येतात, त्यांतल्या कोणाला तो कुत्रा हवाही असतो, परंतु तोपर्यंत मुदत संपून तो दुसऱ्या घरी गेलेला असू शकतो. म्हणून दुसरा संपर्क हा त्याच घरातला, त्याच पत्त्यावरचा नसावा. आपल्यापासून वेगळ्या ठिकाणी राहणारी, कुत्रीला ओळखणारी आणि वेळ आल्यास तिला काही दिवस ठेवून घेऊ शकणारी व्यक्ती निवडावी, आणि नाव देण्यापूर्वी तिला तसे स्पष्ट विचारावे. जुन्या कुटुंबाची यासाठी खरोखर तयारी असेल तर त्यांच्यासारखे योग्य नाव दुसरे नाही, मात्र त्यांचा नवा क्रमांक आणि नवा पत्ता लागेल. जुना तसाच ठेवला तर आपण जिथे होतो तिथेच राहू.

यापुढे क्रमांक, पत्ता किंवा ईमेल यांपैकी काहीही बदलले की बँकेला कळवतो त्याच दिवशी इथेही कळवावे. कुत्र्याच्या मृत्यूनंतर तीही नोंद करावी, हे सांगायला अवघड वाटते. ते राहून गेले तर नोंदणीसंस्थेची पत्रे वर्षानुवर्षे त्या घरी येत राहतात.

प्रतिसाद ७: नवी पालक

आज दवाखान्यात जाऊन चिप वाचून घेतली. पुस्तकातला क्रमांक आणि स्कॅनरवरचा क्रमांक एकच आहे, चिप मात्र डाव्या खांद्यावर सरकलेली निघाली, आणि डॉक्टरांनी ती जागा पुस्तकात लिहून दिली. हस्तांतरणपत्रावर दोन्ही घरांच्या सह्या झाल्या आहेत. नोंदणीसंस्थेकडे अर्ज केला, परंतु संमतीची सूचना त्या कुटुंबाच्या बंद पडलेल्या ईमेलवर गेल्याने आता आधी त्यांनाच त्यांचा ईमेल बदलून घ्यावा लागणार आहे. त्यांनी तो अर्ज आज सायंकाळी करतो असे सांगितले आहे.